सहावा भिडू: हॉपकिन्स, मेरीलँड आणि बिग टेन

3 जून 2013 रोजी अमेरिकेतल्या बिग टेन कॉन्फरन्सने जाहीर केलं की जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा पुरुषांचा लॅक्रॉस संघ आपल्यात सामील होतोय. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट अशा अवाढव्य विद्यापीठांचा गट, आणि हॉपकिन्स तिथे फक्त एका खेळापुरतं जाणार होतं. बिग टेनने असा एका खेळापुरता सदस्य त्याआधी कधी घेतला नव्हता. हॉपकिन्सचा लॅक्रॉस संघही पिढ्यान् पिढ्या कुणाच्या गटात नव्हता. दोघांनी आपापली रीत मोडली, ती का आणि त्यात हॉपकिन्स-मेरीलँड या जुन्या चुरशीचं काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. संस्था, तारखा आणि निकाल जाहीर नोंदींतले आहेत. पदाधिकारी, प्रशिक्षक आणि खेळाडू यांची नावं टाळली आहेत, कारण मुद्दा व्यक्तींचा नाही.

पार्श्वभूमी

आधी खेळाबद्दल थोडं. लॅक्रॉस मुळात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. टोकाला जाळी असलेली काठी, टणक रबरी चेंडू आणि मैदानावर प्रत्येकी 10 खेळाडू. प्रत्येक गोलनंतर मध्यभागी दोन खेळाडू वाकून चेंडूसाठी झटापट करतात, तिला फेस-ऑफ म्हणतात. ही झटापट एकच संघ जिंकत राहिला तर दुसऱ्याला चेंडू नजरेलाही पडत नाही. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही, पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो घेण्याचा निर्णय झाला तो मुंबईतच. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, तिथे क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मंजुरी मिळाली. वर्तमानपत्रांत अर्थातच क्रिकेटचाच मथळा होता.

मराठी घरांना जॉन्स हॉपकिन्स माहीत असतं ते वैद्यकशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्यामुळे. बाल्टिमोरमध्ये मात्र हे लॅक्रॉसचं विद्यापीठ आहे. 1883 मध्ये संघ सुरू झाला. 1928 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून खेळवला गेला तेव्हा अमेरिकेतर्फे हॉपकिन्सचा संघच उतरला होता. राष्ट्रीय अजिंक्यपदं 44, त्यातली नऊ 1971 मध्ये एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, स्पर्धा सुरू झाल्यानंतरची. गंमत अशी की बाकी सगळ्या खेळांत हे विद्यापीठ एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतं, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. लॅक्रॉस तेवढा पहिल्या श्रेणीत.

तिथून 50 किलोमीटरच्या आसपास, वॉशिंग्टनच्या वेशीवर कॉलेज पार्कला मेरीलँड विद्यापीठ आहे. हे सरकारी आणि प्रचंड. तिथलं फुटबॉलचं (अर्थात अमेरिकन फुटबॉलचं) मैदान 45,000 हून अधिक प्रेक्षकांचं, तर हॉपकिन्सचं होमवुड फील्ड साडेआठ हजारांचं. दोघांचा पहिला सामना 1895 मध्ये झाला आणि आजवर शंभराहून अधिक झाले. 1973 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मेरीलँडने जादा वेळेत 10-9 असा विजय मिळवला. पुढच्याच वर्षी पुन्हा हेच दोघे अंतिम फेरीत आले आणि हॉपकिन्सने 17-12 अशी परतफेड केली. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ ज्यांनी पाहिलेत, त्यांना घरातल्या घरातली ही ईर्ष्या वेगळी समजावून सांगायला नको.

पण इतक्या वर्षांत हे दोघे एका गटात कधीच नव्हते. मेरीलँड 1953 पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत होतं. हॉपकिन्स स्वतंत्र होतं, कुणाशी खेळायचं ते स्वतः ठरवायचं. दोघांच्या सामन्यावर गटातलं स्थान किंवा चषक असं काही अवलंबून नव्हतं. अब्रू सोडली तर.

अडचण कुठे होती

अडचण सुरू झाली ती लॅक्रॉसच्या मैदानाबाहेर. नोव्हेंबर 2012 मध्ये मेरीलँडने जाहीर केलं की आपण एसीसी सोडून 2014 च्या जुलैपासून बिग टेनमध्ये जाणार. कारण उघड होतं: पैसा, आणि तोही फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांचा. त्याच वर्षी खर्च झेपत नाही म्हणून मेरीलँडने आपले सात संघ बंद केले होते. एसीसीने बाहेर पडण्याच्या दंडासाठी 5.22 कोटी डॉलर मागितले, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2014 मध्ये 3.14 कोटींवर तडजोड झाली. इतक्या मोठ्या रकमांच्या हिशेबात लॅक्रॉसचं वजन नगण्य होतं. पण त्या निर्णयाने लॅक्रॉसचा नकाशा बदलला.

मेरीलँडपाठोपाठ दुसऱ्याच दिवशी रटगर्सनेही बिग टेनमध्ये जात असल्याचं सांगितलं. पेन स्टेट आणि ओहायो स्टेट यांचे पुरुष लॅक्रॉस संघ आधीपासून होते, मिशिगनचा 2012 पासून. बेरीज पाच. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत गटाच्या विजेत्याला थेट प्रवेश हवा असेल तर गटात किमान सहा संघ लागतात. बिग टेनला एक भिडू कमी पडत होता.

हॉपकिन्सची अडचण याच्या उलट होती. 2013 च्या स्पर्धेत 16 जागा होत्या आणि त्यातल्या आठ गटविजेत्यांसाठी राखीव. उरलेल्या आठ निवड समितीच्या हातात. स्वतंत्र संघाला दार एकच, समितीचं. जितके नवे गट थेट प्रवेश मिळवत जाणार तितकी ही वाट अरुंद होत जाणार, हे कुणालाही दिसत होतं. 2014 पासून स्पर्धा 18 संघांची झाली, पण वाढलेल्या दोन्ही जागा गटविजेत्यांकडेच गेल्या.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. एप्रिलमध्ये गटवाले संघ आपसांत खेळण्यात गुंततात. हंगामाच्या सगळ्यात महत्त्वाच्या आठवड्यांत स्वतंत्र संघाला तगडा प्रतिस्पर्धी मिळणं अवघड होतं, आणि प्रतिस्पर्धी तगडा नसेल तर निवड समितीसमोर तुमच्या विजयाला वजन नाही.

2013 च्या मे महिन्यात व्हायचं ते झालं. एप्रिलमध्ये होमवुडवर मेरीलँडला हरवूनही हॉपकिन्सला राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं नाही. 1972 पासून सलग 41 वर्षं हा संघ स्पर्धेत होता. ती साखळी तुटली.

समोरचे पर्याय

विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कॉन्फरन्सच्या प्रश्नावर समिती नेमली होती. गटात जावं, अशी तिची शिफारस आली आणि त्याच मे महिन्यात ती स्वीकारली गेली. आत काय चर्चा झाली त्यात मी शिरत नाही. कागदावर कोणते पर्याय दिसत होते ते पाहू.

पहिला, आहे तसंच स्वतंत्र राहायचं. याच्या बाजूने भावना होतीच, पण व्यवहारही होता. हॉपकिन्सचा ईएसपीएन-यू वाहिनीशी स्वतःचा करार होता आणि घरचे सामने देशभर दिसायचे. व्हर्जिनिया, सिरॅक्यूज, प्रिन्स्टन, नॉर्थ कॅरोलायना, लॉयोला असं मनासारखं वेळापत्रक आखता यायचं. एका वाईट हंगामावरून घरदार बदलायचं का, असं म्हणणारे माजी विद्यार्थी असणारच. माझ्या मते त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त हंगाम एकटा वाईट नव्हता. नियमच त्यांच्या विरोधात सरकत होते.

दुसरा पर्याय एसीसी. जुने प्रतिस्पर्धी तिथेच होते आणि सिरॅक्यूज व नोत्र दाम येऊन मिळत होते. मेरीलँड गेल्यावर ड्यूक, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना धरून तिथेही संघ पाचच उरत होते, म्हणजे सहाव्याची गरज तिथेही होती. दर्जाच्या दृष्टीने हा गट सगळ्यांत वरचा, पण म्हणूनच त्यात जिंकणंही सगळ्यांत कठीण. शिवाय ज्याच्याशी खेळायला सबंध बाल्टिमोर वाट पाहतं तो मेरीलँड तिथून नुकताच उठला होता.

तिसरा, पॅट्रियट लीग. नेव्ही, आर्मी आणि बाल्टिमोरचाच शेजारी लॉयोला, जो 2012 चा राष्ट्रीय विजेता होता. प्रवास कमी, अभ्यासाची शिस्त सारखी, थेट प्रवेश आधीच हातात. शांतपणे विचार केला तर हा पर्याय वाटतो तितका लहान नव्हता. पण ज्या गटाला तुमची गरज नाही त्याच्याकडे अटी घालता येत नाहीत.

चौथा बिग टेन. इथे हॉपकिन्सची गरज होती, तीही नेमक्या आकड्यात मोजता येणारी. सहावा संघ आला की थेट प्रवेश आला. वर त्या सहाव्याच्या नावावर 44 अजिंक्यपदं. नव्याने उभ्या राहणाऱ्या लॅक्रॉस गटाला याहून चांगला चेहरा मिळणार नव्हता. आणि मेरीलँड तिथे होताच.

निर्णयाची खरी जागा मला इथे दिसते. हॉपकिन्सने “कुठला गट चांगला” यापेक्षा “कुठल्या गटाला आपण हवे आहोत” हे पाहिलं, निदान निकाल तरी तसा लागला. जुन्या चुरशीचं प्रेम भाषणांत खूप आलं. व्यवहार मात्र पाच अधिक एक असा होता.

निर्णय आणि अंमलबजावणी

करारातल्या दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली, हॉपकिन्सने आपला ईएसपीएन-यूचा करार राखला. बिग टेनची स्वतःची वाहिनी असताना नव्या सदस्याला घरच्या सामन्यांचे हक्क वेगळे ठेवू देणं ही मोठी सवलत होती. गरज कुणाला किती होती ते यावरून कळतं. दुसरी गोष्ट, सदस्यत्व फक्त पुरुषांच्या संघाला मिळालं. महिला संघाचा उल्लेख त्यात नव्हता. त्याकडे पुढे येऊ.

सामील होणं 2014 च्या जुलैपासून, म्हणजे गटातला पहिला हंगाम 2015 चा. मधला 2014 चा हंगाम हॉपकिन्स स्वतंत्रच खेळलं, आणि त्या वर्षी निवड समितीच्या दारातूनच राष्ट्रीय स्पर्धेत परतलं. ‘पाहा, गटाची गरजच नव्हती’ असं म्हणायला विरोधकांना एक वर्ष मिळालं. पण सही झालेली होती.

वेळापत्रकात जो बदल झाला तो प्रेक्षकाला सगळ्यांत आधी जाणवणारा होता. गटातले पाच सामने मार्चच्या शेवटापासून एप्रिलभर. त्यामुळे बाहेरचे जुने प्रतिस्पर्धी फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत ढकलले गेले. मेरीलँडविरुद्धचा सामना मात्र नियमित हंगामाच्या अगदी शेवटी आला. पूर्वी तो एप्रिलच्या मध्यावर कुठेतरी असायचा. आता गटातली क्रमवारी, बाद फेरीतली जागा, सगळं त्या एका दुपारवर टांगलेलं.

याच वेळी या सामन्यासाठी एक फिरतं बक्षीसही ठरलं: भलामोठा लाकडी खेकडा. चेसापीक उपसागराचा खेकडा ही मेरीलँड राज्याची ओळख आहे, त्यामुळे तिकडे यात विनोद काही नाही. जिंकलेल्या संघातले दोन-तीन जण मिळून तो उचलतात आणि पंजे सांभाळत मैदानभर मिरवतात. एकमेकांचे पाय ओढणाऱ्या खेकड्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला मात्र शेजाऱ्याला हरवल्याबद्दल खेकडाच मिळावा, यात नेमकी मजा वाटते.

पहिला हंगाम

2015 ची सुरुवात हॉपकिन्ससाठी अडखळती होती. बाहेरच्या सामन्यांत पराभव साचले. संघ स्वतंत्र असता तर एप्रिलच्या सुरुवातीलाच आशा सोडावी लागली असती, असं मला वाटतं. पण गटाचे सामने वेगळे मोजले जातात. तिथे संघ सावरला आणि एप्रिलच्या अखेरीस कॉलेज पार्कला जाऊन त्याने मेरीलँडला 15-12 असं हरवलं.

बिग टेनची पहिली बाद फेरी चार संघांची होती आणि ती मेरीलँडच्याच मैदानावर भरली. यजमान अंतिम सामन्यापर्यंत पोचलाच नाही. हॉपकिन्सने अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला 13-6 असं हरवून चषक उचलला आणि थेट प्रवेश मिळवला. ज्या दारासाठी गटात आले ते पहिल्याच वर्षी वापरावं लागलं.

पुढे राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी आधी व्हर्जिनियाला आणि मग उपांत्यपूर्व फेरीत सिरॅक्यूजला एका गोलने हरवलं. उपांत्य सामना फिलाडेल्फियात, समोर पुन्हा मेरीलँड. शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेल्या त्या सामन्यात मेरीलँडने 12-11 अशी बाजी मारली, मग अंतिम सामन्यात डेन्व्हरकडून हरले. चार आठवड्यांच्या अंतरात दोन सामने, एकात गटातलं स्थान पणाला, दुसऱ्यात राष्ट्रीय अंतिम फेरी. मेरीलँड बिग टेनमध्ये आणि हॉपकिन्स बाहेर असं राहिलं असतं तर फिलाडेल्फियाचा सामना कदाचित झालाच नसता.

त्यानंतरची वर्षं दोघांना सारखी गेली नाहीत. 2017 मध्ये मेरीलँडने ओहायो स्टेटला 9-6 असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, तेही 1975 नंतर पहिल्यांदा. 2018 मध्ये बिग टेनच्या अंतिम सामन्यात हॉपकिन्सने मेरीलँडवर 13-10 अशी मात केली. 2022 मध्ये मेरीलँड 18 पैकी 18 सामने जिंकून पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला आणि त्याच वर्षी हॉपकिन्स स्पर्धेबाहेर होतं. गटामुळे दार मिळतं, पण दारातून आत नेणारा संघ आपला आपल्यालाच बांधावा लागतो.

महिला संघाचं काय झालं

या प्रकरणावरच्या लिखाणात हा भाग बहुतेकदा एका ओळीत उरकतात. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

हॉपकिन्सचा महिला लॅक्रॉस संघही पहिल्या श्रेणीत खेळायचा, अमेरिकन लॅक्रॉस कॉन्फरन्समध्ये. तिथे नॉर्थवेस्टर्न, पेन स्टेट, ओहायो स्टेट हे सोबती होते. बिग टेनने लॅक्रॉस सुरू करायचं ठरवताच हे तिघे आपल्या मूळ घरी निघाले आणि 2014 नंतर ती कॉन्फरन्सच बंद पडली. म्हणजे ज्या घडामोडीने हॉपकिन्सच्या मुलांना गट मिळाला, तिनेच मुलींचा गट मोडला.

मग मुलींनाही बिग टेनने का घेतलं नाही? तिथे पुन्हा तोच आकडा. महिलांच्या बाजूला मेरीलँड, रटगर्स, पेन स्टेट, ओहायो स्टेट, मिशिगन आणि नॉर्थवेस्टर्न असे सहा संघ घरचेच भरले होते. सातव्याची निकड नव्हती. 2015 आणि 2016 असे दोन हंगाम हॉपकिन्सच्या मुली स्वतंत्र खेळल्या. जी अवस्था पुरुषांच्या संघासाठी धोक्याची ठरवून विद्यापीठाने समिती नेमली, त्याच अवस्थेत महिला संघ दोन वर्षं राहिला. 2015 च्या जूनमध्ये त्यांना प्रवेश जाहीर झाला आणि 2017 च्या हंगामापासून त्या बिग टेनमध्ये आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, दोन्ही संघांची मागणी एकत्र ठेवायला हवी होती. मे 2013 मध्ये हॉपकिन्सचा हात वर होता, कारण सहावा भिडू दुसरा कुणी दिसत नव्हता. तेव्हा मुलींची जागा मागितली असती, तर लगेच नाही तरी तारखेसह आश्वासन मिळण्यासारखं होतं. वाहिनीचा करार राखण्यासाठी जो आग्रह धरता आला तो इथेही धरता आला असता. एकदा पुरुषांची सही झाल्यावर मागायला काही उरलं नाही.

दुसरं, वेळेबद्दल. शिफारस चुकीची नव्हती, पण ती आली 41 वर्षांची साखळी तुटली त्याच महिन्यात. त्यामुळे बाहेरच्याला हा निर्णय पराभवातून आलेला दिसला. नोव्हेंबर 2012 मध्ये मेरीलँड आणि रटगर्सची घोषणा झाली तेव्हाच बेरीज पाचवर थांबलेली कुणालाही मोजता येत होती. हिवाळ्यातच बोलणी उघडपणे सुरू केली असती तर माजी विद्यार्थ्यांना पटवणं सोपं गेलं असतं.

तिसरं, बाहेर पडण्याची वाट. गटाचा भाग झालं की गटाचे निर्णयही आपले होतात. 2021 मध्ये कोविडमुळे बिग टेनने फक्त आपसांतच खेळायचं ठरवलं. त्या वर्षी हॉपकिन्सला हाकेच्या अंतरावरच्या लॉयोलाशीही खेळता आलं नाही, आणि मेरीलँडशी मात्र गटाच्या अंतिम सामन्यातही गाठ पडली. एका खेळापुरत्या सदस्याने अशा असाधारण हंगामासाठी जवळपासच्या एक-दोन सामन्यांची मुभा आधीच लिहून घ्यायला हरकत नव्हती. 2013 मध्ये महामारीचा विचार कुणी केला असता असं नाही. पण ज्या विद्यापीठाचं सार्वजनिक आरोग्याचं काम जगभर प्रमाण मानलं जातं, तिथल्या करारात तेवढं एक कलम शोभलं असतं.

मेरीलँडच्या बाजूने पाहिलं तर बदलण्यासारखं फारसं दिसत नाही. त्यांनी निर्णय फुटबॉलसाठी घेतला, दंड भरला आणि लॅक्रॉसमधला जुना शत्रू आपसूक पाठोपाठ आला. एसीसीतल्या व्हर्जिनिया आणि ड्यूक यांच्याशी दरवर्षी ठरलेले सामने गेले, ते हवे तर आता वेगळे ठरवून खेळावे लागतात. हॉपकिन्सशी खेळण्यासाठी मात्र ठरवावं लागत नाही. ते वेळापत्रकात छापूनच येतं, एप्रिलच्या शेवटी, खेकड्यासकट.